टाकळा पाण्यात उतरला तर? (काल्पनिक वनस्पती, जाणकारांची मदत हवी)

खाडीकाठ | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

गेली दोन वर्षं मी एक काल्पनिक वनस्पतीकोश लिहितेय. दर प्रकरणात आपल्या ओळखीचं एक झाड घ्यायचं आणि पुढच्या काही लाख वर्षांत ते कुठवर पोचेल याची कल्पना करायची. झाडं मनातली असली तरी निसर्गाचे नियम मोडायचे नाहीत, एवढी एकच अट. करवंद, कुडा, घाणेरी लिहून झाली. टाकळ्यापाशी अडलेय.

टाकळाच का, ते सांगते. माझ्या माहेरी, दापोली तालुक्यात, खाडीला लागून आमची थोडी खार जमीन आहे. तीन पावसाळ्यांपूर्वी बांध फुटला, तो बांधायचा राहिला आणि शेती सुटली. गेल्या श्रावणात गेले तर बांधाच्या उतारावरचा टाकळा पार खालपर्यंत उतरलेला. शेवटची रोपं घोटाभर पाण्यात उभी. खालची पानं पिवळी पडून गळालेली, शेंडा मात्र हिरवागार. एक रोप उपटून बघितलं. पाण्यात बुडालेल्या खोडालाच बारीक पांढऱ्या मुळ्या फुटलेल्या होत्या. भाऊ हाका मारत होता आणि मी बांधावर ते रोप हातात घेऊन बसून राहिले होते.

तिथून माझा ‘पाणटाकळा’ सुरू झाला. कच्चा आराखडा असा:

आजपासून ५ लाख वर्षांनी हे झाड गुडघाभर पाण्यात राहतं. पानं लांब, फितीसारखी. मुळं नाहीशी झालेली, कारण पाणी चारी बाजूंनी मिळतंच. फूल पाण्याखालीच उमलतं आणि पराग पाण्यासोबत वाहत जातात. शेंग तरंगते.

मला विचारायचंय ते हे. यातलं आधी काय बदलेल आणि नंतर काय? ५ लाख वर्षं पुरतील का? आणि पाण्याखालचं फूल तुम्हाला पटतंय का? मला ते फार आवडलंय, पण आवडलंय म्हणूनच शंका येतेय.

निशिगंध७९ | रविवार, रात्री ९.५८

काय सुंदर विषय! वाचतेय. ती रोपाची गोष्ट डोळ्यांसमोर उभी राहिली.

पाणकावळा | रविवार, रात्री १०.२०

जागा धरून ठेवतो. एवढंच विचारायचंय, पाणटाकळ्याची भाजी करता येईल ना?

घाटमाथा | सोमवार, सकाळी ७.१५

खाडीकाठताई, मी वनस्पतीशास्त्र शिकवतो. तुमचा आराखडा कॉलेजात जाण्याआधीच दोनदा वाचला. काही गोष्टींवर हरकत घेणार आहे, राग मानू नका.

पाण्यात उभ्या राहिलेल्या झाडापुढची पहिली अडचण श्वासाची असते. हवेच्या तुलनेत पाण्यात वायू सुमारे १०,००० पट सावकाश पसरतात. मुळाभोवती पाणी साचलं की मातीतला प्राणवायू सूक्ष्मजीव संपवून टाकतात, नवा येत नाही आणि मूळ गुदमरतं. कुंडीत पाणी साचून तुळस मरते ती अशी. म्हणून तुमच्या पाणटाकळ्यात सगळ्यात आधी आतली हवेची वाट तयार व्हायला हवी. पानाचा आकार त्याच्या बराच नंतर येईल.

ही वाट तुम्ही स्वयंपाकघरात बघितलेली आहे. कमळकाकडी आडवी चिरली की जी भोकं दिसतात, तीच. पानातून आलेली हवा त्या नळ्यांतून चिखलातल्या गड्ड्यापर्यंत जाते.

दुसरं उदाहरण टाकळ्याच्याच भावकीतलं. मखरासाठी, मुंडावळ्यांसाठी जे पांढरं हलकं भेंड वापरायचे, ते दलदलीत उगवणाऱ्या एका झाडाचं खोड आहे. ते झाड टाकळ्यासारखंच शेंगा धरणाऱ्या कुळातलं. आणि त्याहून जवळचं नातं हवं असेल तर पाणलाजाळू बघा. तळ्यात पसरते, खोडाभोवती पांढऱ्या स्पंजासारखा थर चढवते आणि त्याच्यावर तरंगते. हात लावला की पानं मिटते, अगदी जमिनीवरच्या लाजाळूसारखी. २०१७ च्या नव्या वर्गीकरणात लाजाळू, पाणलाजाळू आणि टाकळा हे एकाच उपकुळात आले आहेत. म्हणजे तुम्ही ज्या वाटेची कल्पना करताय, तिच्यावरून टाकळ्याची चुलतबहीण आधीच चालून गेली आहे.

तुम्हाला दिसलेल्या पांढऱ्या मुळ्या ही त्या वाटेची सुरुवात आहे. जुनी मुळं गुदमरली की पुष्कळ झाडं खोडावर पाण्याच्या वरच्या थरात नवी मुळं काढतात, कारण तिथे थोडा तरी प्राणवायू असतो.

फुलाबद्दल रात्री लिहितो. तास आहे.

निशिगंध७९ | सोमवार, सकाळी १०.०५

भेंडाची मुंडावळी! माझ्या आजीच्या पेटीत होती, हातात घेतली तरी वजन कळायचं नाही. ते पाणथळीतलं झाड असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

@पाणकावळा, भाजीचं निघालंच आहे तर ऐका. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत जी कोवळी, वीतभर रोपं येतात त्यांचाच पाला घ्यायचा. फुलावर आलेला कडवट लागतो. कांदा, लसूण, ओली मिरची, भिजवलेली मसूर किंवा ठेचलेल्या फणसाच्या आठळ्या आणि वरून ओलं खोबरं. पाणी घालायचं नाही, पाल्याला सुटतं तेवढ्यावरच शिजते.

तरोटा_वर्धा | सोमवार, दुपारी १.३०

आमच्याकडे ह्याला तरोटा म्हणतात. उन्हाळ्याच्या शेवटी पहिला पाऊस पडला की रस्त्याच्या दोन्ही कडा हिरव्या. लहानपणी तरोट्याची भाजी अन् भाकर, दुसरं काही नाही लागत. बिया भाजून, कुटून कॉफीसारखं करून प्यायचे आमचे आबाजी.

माझा प्रश्न वेगळा आहे. तरोट्याचं बी फार टणक असते. वर्षानुवर्षं मातीत पडून राहते अन् मग निघते. पाण्यातल्या झाडाला असं बी कामाचं आहे का?

सह्यकडा | सोमवार, दुपारी ३.१०

धागा छान आहे, पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितो. ‘मुळं नाहीशी झाली कारण पाणी मिळतंच’ असं वाक्य आहे. घाटमाथा सरांच्या प्रतिसादातही ‘झाडं नवी मुळं काढतात’ असं आहे. झाडाला गरज पडली म्हणून झाड बदललं, असं वाचकाच्या डोक्यात बसतं. उत्क्रांती अशी होत नाही. बांधावर हजार रोपं असतील तर त्यांतली थोडी जन्मतःच जरा वेगळी असतात. पाणी चढतं, उरलेली मरतात, ह्या थोड्यांचं बी पडतं. तुमचा कोश लहान मुलंही वाचतील. हे वाक्य सुधारायलाच हवं असं मला वाटतं.

घाटमाथा | सोमवार, दुपारी ४.००

@सह्यकडा, एका रोपाने आपल्या आयुष्यात नवं मूळ काढणं आणि हजारो पिढ्यांत जात बदलणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी पहिलीबद्दल लिहिलं होतं. ते रोप खरोखरच मूळ काढतं, त्यात भाषेची चूक नाही. बाकी मुळांबद्दलच्या वाक्यावरची तुमची हरकत योग्य आहे.

खाडीकाठ | सोमवार, रात्री ८.३०

सह्यकडा, मान्य. ते वाक्य मी काढतेय. मरणारी रोपं माझ्या लिखाणात आलीच नव्हती, हे तुमच्यामुळे लक्षात आलं. मी बघितलेल्या बांधावरही पाण्यात उभी असलेली दहा-बाराच होती. त्यांच्या खाली कुजलेली किती असतील, ते मी वाकून बघितलं नाही.

घाटमाथा सर, पाणलाजाळू मला माहीत नव्हती. आज दिवसभर तिची छायाचित्रं शोधून बघत होते.

भातखाचर | सोमवार, रात्री ९.१५

मी शेतकरी, रायगड जिल्हा. खार जमीन कसतो, म्हणून लिहितोय.

भात पाण्यात उभा राहतो असं सगळे म्हणतात, पण पूर्ण बुडाला तर तोही मरतो. बुडाल्यावर तगणाऱ्या भाताच्या दोन तऱ्हा आहेत आणि दोन्ही तुमच्या कामाच्या आहेत. एक भात उंच पळतो. बंगाल-आसामकडे पुरात वाढणारे भात आहेत, पाणी चढेल तसं खोड दिवसाला २० सेंटीमीटरच्या वर वाढतं आणि शेंडा पाण्याच्या बाहेर राहतो. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये त्यामागचे दोन जनुक शोधले आणि त्यांना ‘स्नॉर्कल’ नाव दिलं. दुसऱ्या तऱ्हेचा भात अगदी उलट वागतो. तो वाढ थांबवतो, साठवलेलं पुरवून खातो आणि पाणी उतरायची वाट बघतो. ओडिशाच्या एका जुन्या वाणातला हा गुण, त्याचा ‘सब-१’ जनुक २००६ मध्ये सापडला. तो घालून केलेला ‘स्वर्णा-सब१’ दोन आठवडे बुडून राहिला तरी परत उठतो.

दोन्हीकडे खबर देणारा वायू एकच, इथिलीन. आपण केळी, आंबे पिकवताना जो म्हणतो तोच. झाड तो सतत बनवत असतं आणि तो हवेत उडून जातो. पाण्याखाली तो बाहेर पडत नाही, आत साठतो, आणि झाडाला कळतं की आपण बुडालो.

आता तुमचा टाकळा. थोडं थोडं पाणी बरेच महिने राहणार असेल तर पळणारा जिंकेल. आठ दिवसांचा पूर येऊन जाणार असेल तर थांबणारा जिंकेल. तुमच्या माहेरच्या जमिनीत पाणी कसं राहतं ते आधी ठरवा, मग झाड ठरेल.

आणि मिठाचं काय? बांध फुटला म्हणजे भरतीचं पाणी आत येणार. त्याचा तुमच्या आराखड्यात एक शब्दही नाही.

गोंयकार_म्हापसा | सोमवार, रात्री १०.०२

भातखाचर भाऊ अगदी बरोबर बोलले. आमच्या गोव्यात खाजन शेती म्हणजे हाच सगळा मिठाचा हिशोब. बांध, आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दारं. ओहोटीला दार आपोआप उघडून आतलं पाणी बाहेर जातं, भरतीच्या जोराने बंद होतं. पावसाळ्यात पाऊस मीठ धुऊन काढतो, तेवढ्या महिन्यांत कोरगुट पिकवायचा. कोरगुट हा आमचा खारं सोसणारा भात. पाऊस सरला की मीठ परत वर येतं.

भातखाचर | सोमवार, रात्री १०.२०

हेच म्हणायचं होतं. टाकळा जूनमध्ये उगवतो आणि दिवाळीच्या आसपास शेंगा वाळवून मरतो. म्हणजे जमीन गोडी असते तेवढ्यातच त्याचं आयुष्य संपतं. त्याला मीठ पचवायची गरजच पडणार नाही. मीठ सोसायचं ते फक्त बियाने. तरोटा_वर्धा यांनी टणक बियांचं विचारलं होतं, त्याचं उत्तर मला वाटतं हेच. टणक टरफलातलं बी आठ महिने खाऱ्या चिखलात पडून राहील आणि मिरगाचा पाऊस मीठ धुऊन काढेल तेव्हा निघेल.

तरोटा_वर्धा | सोमवार, रात्री १०.४५

वा! म्हणजे बी पहिल्यापासूनच तयार होतं.

खाडीकाठ | सोमवार, रात्री ११.३०

भातखाचर दादा, तुमचा हा प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतलाय. मी मिठाला घाबरून तो विषयच टाळला होता. पावसाळ्यातलं झाड म्हणून बघितलं की सगळं जुळतंय.

अनुपमा_सातारा | मंगळवार, सकाळी ९.००

कुळांची गोष्ट निघाली आहे तर एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिंगाडा कोणत्या कुळातला माहीत आहे? मेंदीच्या! त्याच कुळात डाळिंब, धायटी आणि आपलं राज्यपुष्प ताम्हण. खाडीकाठी चिखलातून वर आलेल्या टोकदार श्वासमुळांची चिप्पीही त्यातलीच. एका कुळातलं एक अंगणात कुंपणाला, एक जंगलात, एक खाडीच्या खाऱ्या चिखलात आणि एक तळ्यात तरंगतंय.

आणि कमळ? दिसायला कुमुदिनीची बहीण वाटतं, पण जनुकांवरून पाहिलं तर कमळाची जवळची नातलग झाडं म्हणजे चिनार आणि सिल्व्हर ओक. चहाच्या मळ्यात सावलीला लावतात तो सिल्व्हर ओक. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं.

म्हणून खाडीकाठ, तुमची कल्पना अजिबात ओढूनताणून आणलेली नाही. जमिनीवरची झाडं पाण्यात उतरणं हे वेगवेगळ्या कुळांत, पुन्हा पुन्हा झालेलं आहे.

ऋचा_आणि_ईशान | मंगळवार, सकाळी ११.२०

ईशानला (वय ९) हा धागा वाचून दाखवला. त्याने विचारलंय की पाण्यातून वर आलेली झाडं परत पाण्यात गेली तर ती परत शेवाळ होतील का. मला उत्तर देता आलं नाही.

घाटमाथा | मंगळवार, रात्री ८.१०

ईशान, शाब्बास. हा प्रश्न माझ्या वर्गात कुणी विचारलेला नाही.

नाही, परत शेवाळ होत नाहीत. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी गोड्या पाण्यातल्या हिरव्या शैवालांपासून जमिनीवरच्या वनस्पती झाल्या. त्यानंतर जमिनीवर त्यांनी जे कमावलं, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, फूल, बी, ते सगळं घेऊन त्या पाण्यात गेल्या. देवमासा पाण्यात गेला तरी मासा झाला नाही, हवेत श्वास घ्यायला वरच येतो, तसंच.

यातूनच फुलाकडे येतो. पाण्यात राहणाऱ्या बहुतेक सपुष्प वनस्पती आजही फूल पाण्याच्या वर धरतात. पान बदलतं, खोड बदलतं, मूळ बदलतं आणि फूल तसंच राहतं. परागकण भिजला की बहुधा फुटतो किंवा निकामी होतो, आणि कीटक पाण्याखाली येत नाहीत. टाकळ्याच्या बाबतीत अडचण जास्तच आहे. त्याच्या फुलात मध नसतो आणि परागकोश उभे चिरत नाहीत, त्यांच्या टोकाशी बारीक छिद्र असतं. भुंगा फुलाला बिलगून आपले उडायचे स्नायू थरथरवतो तेव्हा त्या छिद्रातून पराग बाहेर उडतात. मिठाची बरणी हलवावी तसं. पाण्याखाली हे सगळं बंद.

ताई, तुमचं आवडतं फूल मला काढून घ्यावं लागतंय.

पाणकावळा | मंगळवार, रात्री ८.३५

सर, एक आडवाट सुचवू? फिशटँकमधल्या वॅलिस्नेरियात नर फुलं सुटून वर येतात आणि पाण्यावर होडीसारखी तरंगत मादी फुलापर्यंत जातात. मादीचा देठ नंतर स्प्रिंगसारखा गुंडाळतो आणि फळ खाली ओढून घेतो. माझ्या टँकमध्ये देठ गुंडाळलेला मी बघितलाय. टाकळ्यालाही असं काही करता येईल का?

अनुपमा_सातारा | मंगळवार, रात्री ९.०५

मला साधी वाट जास्त आवडते. कासच्या पठारावर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात वायतुरा उगवतो. पाण्याच्या वर दोन फाट्यांचा फिकट गुलाबी तुरा. पाणी आटलं की झाड दिसेनासं होतं आणि जमिनीतला कंद पुढच्या पावसाची वाट बघतो. पुढे ओल्या खडकावर सीतेची आसवं. तिला खरी मुळंच नाहीत, आणि तिच्या ओल्या मातीतल्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीव पकडतात, पण फूल मात्र निळंजांभळं, काठीवर वर धरलेलं.

आणि नद्यांच्या धबधब्यात खडकाला चिकटून राहणाऱ्या त्या शेवाळासारख्या वनस्पती? पोडोस्टेमेसी कुळ, सह्याद्रीत भरपूर. पावसाळाभर कोसळत्या पाण्याखाली असतात आणि पाणी उतरून खडक उघडा पडला की घाईघाईने फुलतात. इतका काळ धबधब्यात काढूनही फुलायला हवाच लागते.

डोंबिवली_ते_डेल्फ्ट | मंगळवार, रात्री ११.५०

इथे नेदरलँड्समध्ये बसून टाकळ्याची भाजी वाचणं कठीण आहे. तरी थोडी भर घालतो.

पाण्याखालचं फूल अशक्य नाही. समुद्री गवतांमध्ये ते आहे. ही खरी गवतं नाहीत, पण जमिनीवरच्या एकदल वनस्पतींचे वंशज आहेत आणि डायनासोरांच्या काळात समुद्रात गेली. त्यांपैकी झोस्टेराचे पराग गोल नसून काही मिलिमीटर लांब धाग्यांसारखे असतात, प्रवाहात वाहताना मादी फुलाला अडकतात. २०१६ मध्ये झोस्टेराचा जनुकसंच वाचला गेला. त्यात पर्णरंध्रं घडवणारे जनुकच उरलेले नाहीत. कीटकांना खुणावणारे वास बनवायचे जनुकही गेले. अतिनील किरणांपासून बचाव करणारे गेले. जिथे गरज उरली नाही तिथे झीज होत गेली. उलट पेशीभित्तिकेत मात्र समुद्री शैवालांसारखे पदार्थ परत आले. (ईशान, तुझ्या प्रश्नाचं थोडंसं उत्तर ‘हो’ पण आहे!)

इथे ह्या गवताशी लोकांचं जुनं नातं आहे. वीरिंगन भागात त्याचे गठ्ठे रचून समुद्राचे बांध घालायचे. १९३० च्या दशकात रोग आला आणि वाडन समुद्रातली त्याची कुरणं जवळजवळ संपली. आता परत लावायचे प्रयत्न चालू आहेत. मी ओहोटीला त्या चिखलात चालून आलोय, आणि मला आपली खाडीच आठवत होती.

आता ५ लाख वर्षांचा प्रश्न. समुद्री गवतांइतका बदल हवा असेल तर ५ लाख फार कमी. पण नवी जात तयार व्हायला दरवेळी लाखो वर्षं लागतात असंही नाही. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनजवळ अमेरिकेतून आलेल्या एका खाजणगवताचा स्थानिक गवताशी संकर झाला, तो १८७० च्या सुमारास सापडला. तो वांझ होता. काही वर्षांत त्याची गुणसूत्रं दुप्पट झाली, बी धरू लागला आणि त्या नव्या जातीने चिखलाची किनारपट्टी भरून टाकली. माणसांच्या डोळ्यांदेखत. अर्थात तिचे आईबाप आधीपासून चिखलातलेच होते.

सह्यकडा | बुधवार, सकाळी ८.४०

मग टाकळ्याला ५ लाख पुरेत, असं मी म्हणेन. दर वर्षी एक पिढी, म्हणजे ५ लाख पिढ्या. भेंडासारखं खोड, मुळांतली हवेची वाट, पानात थोडा बदल, एवढं होऊ शकेल. फूल पाण्याखाली नेणं नाही.

चंद्रकोर | बुधवार, दुपारी १२.१५

पानांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. फितीसारखं पान मला पटत नाही. टाकळ्याचं पान आधीच तीन जोड्यांत विभागलेलं आहे. अंबुळी ही पाणवनस्पती बघा. पाण्याखालची पानं केसांसारखी बारीक चिरलेली, पाण्यावरची साधी, अखंड. एकाच खोडावर दोन्ही. बारीक चिरल्याने पानाचं जास्तीत जास्त अंग पाण्याला लागतं. टाकळ्याच्या सहा पर्णिकांच्या साठ होणं हे त्यांची एक लांब फीत होण्यापेक्षा जवळचं आहे.

दुसरं, कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड). साचलेल्या उथळ पाण्यात दिवसा शेवाळं सगळा कर्बवायू ओढून घेतात. रात्री मात्र सगळे जीव श्वास सोडतात आणि पाण्यात तो भरपूर होतो. आयसोएटिस नावाची नेच्यांच्या नात्यातली एक छोटी वनस्पती आहे, आपल्या पठारांवरच्या डबक्यांत मिळते. पाचगणीचं नाव दिलेली तिची एक जातही आहे. ह्या गणातल्या पाणवनस्पती रात्री कर्बवायू घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा वापरतात, हे १९८१ मध्ये जॉन कीली यांनी दाखवलं. वाळवंटातला निवडुंग पाणी वाचवायला जी युक्ती वापरतो, तीच इथे पाण्यात बुडालेली वनस्पती वापरते.

पण इथे एक पेच आहे. टाकळ्याची पानं संध्याकाळी मिटतात. रात्रीच वायू घ्यायचा असेल तर मिटलेलं पान काय कामाचं?

घाटमाथा | बुधवार, दुपारी १.००

चंद्रकोर, हा पेच मला सुचला नव्हता. फारच छान.

निशिगंध७९ | बुधवार, दुपारी २.३०

मला एक भीती वाटते. आमच्या घरामागच्या नदीत जलपर्णी इतकी माजते की पाणी दिसत नाही. खाडीकाठ, तुमचा पाणटाकळा असा माजणार नाही ना? गोष्टीतसुद्धा नको वाटतं.

भातखाचर | बुधवार, रात्री ८.००

जलपर्णी तुकड्यातुकड्याने वाढते आणि इथे तिला खाणारं फारसं कुणी नाही. टाकळा बियाने येतो, वर्षात मरतो आणि त्याला खाणारे घरचेच आहेत. पिवळी फुलपाखरं टाकळ्यावर अंडी घालतात, सगळ्यांनी बघितलं असेल. बुडालेल्या पानांवर ती येणार नाहीत. पण भातावर एक अळी पडते, सुरळीतील अळी. पानाचा तुकडा कापून त्याची सुरळी करते, आत बसते आणि पाण्यावर तरंगत एका चुडावरून दुसऱ्या चुडावर जाते. ती पतंगाची अळी. ताई, तुमच्या पाणटाकळ्याला अशी एक अळी द्या. मी तिला शिव्या घालतो, पण गोष्टीत शोभेल.

गोंयकार_म्हापसा | बुधवार, रात्री ८.२०

आणि मुळं ठेवा हो. ओहोटीला मानस उघडली की पाण्याला काय ओढ असते! मुळं नसतील तर पहिल्याच दिवशी झाड समुद्रात.

खाडीकाठ | शुक्रवार, रात्री १०.१०

तीन दिवस लिहीत होते. मुळं परत आली, फूल वर आलं, फीत गेली. नव्याने लिहिलेला उतारा टाकतेय, अजून चुकत असेल तर सांगा.

“पाणटाकळा मिरगाच्या पावसानंतर खार जमिनीच्या चिखलात उगवतो. मागच्या दिवाळीत पडलेलं बी उन्हाळाभर मिठात निजलेलं असतं. टरफल भिजलं की बीमधला डिंक फुगतो आणि रोप चिखलाला धरून राहतं. हजारातली नऊशे रोपं पहिल्याच उधाणात मरतात. उरलेली पाण्यासोबत चढतात. खोड खाली बोटभर जाड, पांढरं, भेंडासारखं हलकं असतं, कापलं तर आत हवाच हवा. गाठीगाठीतून मुळ्यांचे झुबके लोंबतात.

पाण्याखालची पानं बारीक चिरलेली असतात, त्यांत सुरळी करून राहणारी एक अळी हिंडत असते. पाण्यावर मात्र जुनंच पान येतं, तीन जोड्यांचं. श्रावणात फुलाचा देठ वर निघतो. फूल अजूनही पिवळं आहे, अजूनही त्यात मध नाही आणि भुंगा अजूनही येऊन ते थरथरवून जातो. फळ धरलं की देठ वाकतो आणि शेंग चिखलात उतरते.

पानाच्या देठाशी जी फुगीर गाठ पान मिटवते, ती पाण्याखालच्या पानांत उरलेली नाही. दिवस मावळला की वरची पानं मिटतात. खालची उघडीच राहतात आणि रात्रभर पाण्यातून वायू घेत राहतात.”

चंद्रकोर | शुक्रवार, रात्री १०.२५

वरची मिटतात, खालची जागी राहतात! पेच सुटला.

घाटमाथा | शुक्रवार, रात्री १०.५०

एकच दुरुस्ती. ‘पहिल्याच उधाणात’ऐवजी ‘पावसाच्या पहिल्याच पुरात’ लिहा. जूनच्या उधाणाचं पाणी खारं असेल आणि भातखाचर यांचं गणित बिघडेल. बाकी मला हे माझ्या वर्गात वाचून दाखवायला आवडेल, परवानगी असेल तर.

खाडीकाठ | शुक्रवार, रात्री ११.००

दुरुस्ती केली. वाचा ना सर, आनंदाने. येत्या श्रावणात माहेरी जाणार आहे, या वेळी वाकून खाली कुजलेली रोपंही मोजेन.

पाणकावळा | शुक्रवार, रात्री ११.०४

आणि भाजी?

निशिगंध७९ | शनिवार, सकाळी ६.५०

पाण्यावरची कोवळी पानं तीन जोड्यांचीच आहेत ना, मग होईल. फक्त मीठ चाखून घालायचं.